बोट गेले, नोकरी राहिली



2014 साली कारखान्यातील प्रेसमध्ये माझ्या उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली. तीन महिन्यांनी पुन्हा कामावर गेले. अपंगत्वाच्या पैशांविषयी विचारले, तर कचेरीतील कारकून म्हणाले, “बाई, पगार चालू आहे ना? मग भत्ता कसला?” आणि मला ते पटलेही! शिवाय अर्ज केला तर निकामी ठरवून काढून टाकतील, ही धास्ती होतीच. सासूबाईंपाशीसुद्धा बोलले नाही.

अखेर युनियनमधील एका वहिनींनी समजावले. 1948 च्या राज्य कामगार विमा कायद्याने मिळणारा कायम अपंगत्वाचा लाभ पगाराऐवजी नव्हता. कमाईची जी शक्ती उणावली तिची ती भरपाई होती, नोकरी असो वा नसो, हयातभर. अख्ख्या तर्जनीला 14 टक्के धरीत. भीतभीतच वैद्यकीय मंडळापुढे उभी राहिले.

माझी मजुरी दिवसाला 300 रुपये. तिचे नव्वद टक्के 270, आणि त्याचे 14 टक्के म्हणजे रोजचे 37 रुपये 80 पैसे. एका बोटाचे एवढेच मोल? असे मनात आले खरे. पण नोकरी गेली नाही. भाजी चिरायला अजून वेळ लागतो. पहिल्या पैशातून धाकटीला चपला घेतल्या, आणि त्या दिवशी सासूबाईंना सगळे सांगितले.