जीवाश्मांच्या मस्टरमधली गळालेली पाने



मागच्या बैठकीत वस्तीतल्या एका मुलाने विचारले, "काका, उत्क्रांती खरी, तर मधले दुवे का सापडत नाहीत?" काही जण हसले. आम्ही हसलो नाही. खुद्द डार्विनने १८५९ च्या ग्रंथात या अडचणीवर सबंध प्रकरण लिहिले आहे.

आमची गिरणी बंद पडली तेव्हा नोकरीचा पुरावा मागितला गेला. मस्टर काढले तर मधल्या वर्षांची पाने नाहीत! काही भिजलेली, काही वाळवीने खाल्लेली. म्हणून त्या वर्षांत साचे काय आपोआप चालत होते? कुणाकडे पगाराची चिठ्ठी निघाली, कुणाकडे तिकीट नंबरचा बिल्ला. त्यावरून आम्ही वर्षे जुळवली.

जमिनीचे मस्टरही असेच. मेलेला जीव बहुधा कुजून जातो. लवकर गाळाखाली गाडला गेला, तरच हाडाचा दगड होण्याची आशा. आपल्या मुंबईचा काळा दगड तर लाव्ह्याचा, त्यात काय टिकणार? पण लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये गाळ साचला, तिथे वरळीला चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म मिळाले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचे वर्णन केले.

पाने गळाल्याने अभ्यासाला अडचण होतेच. सर्वांत जुने हाड सापडले म्हणजे तो प्राणी तेव्हाच उपजला, असे नव्हे. उद्या त्याहून जुने निघाले की तारीख मागे सरकते. शिवाय 'हाच याचा आजा' असे बोट ठेवून सांगणे कठीण, फार तर भाऊबंद म्हणता येते.

आता देवमासा घ्या. तो मासा नव्हेच, पिलाला दूध पाजणारा प्राणी. त्याचे पूर्वज जमिनीवर चालत, म्हटले की लोक थट्टा करीत. मग पाकिस्तानात सापडलेला पाकिसेटस १९८१ साली जाहीर झाला, १९९४ साली चालणारा आणि पोहणारा अँब्युलोसेटस. इजिप्तच्या वाळवंटातल्या बॅसिलोसॉरसच्या अजस्र देहाला तर इवलेसे मागचे पाय निघाले.

आणि आपल्याकडचे ऐका. जम्मू-काश्मीरमधील कालाकोटचे दगड भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जमवले होते. त्यांच्या निधनानंतरही त्यातले बरेच न फोडता पडून राहिले. पुढे साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि आत कानाचे हाड दिसले, देवमाशाच्या कानासारखे एका बाजूने जाड! तो इंडोहायस, लहानशा हरणाएवढा. हान्स थेविसन यांच्या गटाने २००७ साली तो जगापुढे मांडला. तोही देवमाशाचा थेट आजा नव्हे, जवळचा भाऊबंदच.

माणसाच्या दुव्यांविषयी पुढच्या बैठकीत बोलू. पोरांनी वह्या आणाव्यात. जयभीम!