काकांना लिब्रेऑफिस कसं सुचवाल?

आपल्या सोलापुरात कुणी जुना लॅपटॉप घेतला की पहिला प्रश्न ठरलेला, "ऑफिस टाकून देतो का रे?" म्हणजे क्रॅक! ते टाकताना बऱ्याचदा अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे आपणच दाराची कडी काढायची.

त्यापेक्षा लिब्रेऑफिस सुचवा. 2010 पासून जगभरातले लोक मिळून ते बनवतायत. पैसे लागत नाहीत, कोड सगळ्यांसाठी खुला आहे आणि मेनू मराठीतही करता येतो.

पण दुकानदार काकांना सोर्स कोडवर भाषण देऊ नका. आधी विचारा, "काका, रोज यावर काय करता?" बिलं, पत्रं असतील तर त्यांचीच एक फाईल उघडून दाखवा. वर्डची मांडणी कधी कधी हलते, तेही आधीच सांगा. हिशोब टॅलीत असेल तर तो तिथंच राहू द्या. लगेच लिनक्स टाकायची घाई नको. एका वेळी एकच बदल.

मराठी फाईल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल, तर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर अक्षरांचा नुसता काला दिसतो. मजकूर कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणा, एकदा वाचून तपासा, मग 'मुक्ता'सारखा खुल्या परवान्याचा फॉन्ट लावा. मूळ फाईल मात्र जपून ठेवा.

डाऊनलोड लिब्रेऑफिसच्या अधिकृत साईटवरूनच करा. आणि पहिला महिनाभर काकांचा फोन उचला बरं का! अडलं की ते तुम्हालाच विचारणार. तुम्ही फोन उचलला नाही, तर पुन्हा क्रॅकवाल्याकडे जाणार.