उपनगराला स्वतःचा बाजारचौक हवा
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



विकास योजना हा विषय काढला की सभागृहात जांभया सुरू होतात, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून थेट प्रश्नच मांडतो. रामबाग, जुनी इंदूर, राजवाड्यामागच्या गल्ल्या सोडून आपली कितीतरी कुटुंबे राजेंद्रनगरच्या पुढे, राऊपर्यंतच्या नव्या वसाहतींत गेली. घर मोठे झाले, हवा मोकळी मिळाली. पण औषधाची पट्टी आणायची तरी गाडी काढावी लागते. मुले पुण्या-बंगळूरला, घरी दोघे सत्तरीचे, आणि जे गाडी चालवत त्यांना डॉक्टरांनी ती बंद करायला सांगितलेली. असे एक तरी घर इथल्या प्रत्येकाच्या ओळखीत निघेल.

राजवाड्याभोवती काय आहे ते आठवा. सराफ्यात सोने, जवळच बर्तन बाजार, सीतलामाता बाजारात कापड, खजुरी बाजारात पुस्तके, आणि वर माड्यांवर बिऱ्हाडे. सगळे पायी. सराफ्याने तर एकाच जागेचा दोनदा उपयोग करून दाखवला. दिवसा सोन्याची पेढी, रात्री शटर खाली आले की त्याच ओटल्यापुढे गराडू आणि भुट्ट्याचा कीस. हल्ली परदेशी पुस्तकांत ‘मिश्र वापर’ म्हणून जे शिकवतात ते हेच!

१९१८ साली पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने होळकर दरबाराला इंदूरविषयी दोन खंडांचा अहवाल दिला. जुन्या पेठा फाडून सरळ रुंद रस्ते काढायला त्यांचा विरोध होता. एखादे पडके घर काढा, चौक मोकळा करा, झाड लावा, बाकीचे राहू द्या, असे त्यांचे म्हणणे. प्लेगच्या त्या दिवसांत त्यांनी दिवाळीला मिरवणूक काढली. तीत प्लेगच्या उंदराची भलीमोठी प्रतिकृती होती, आणि ज्या रस्त्यावरची घरे जास्त स्वच्छ त्याच रस्त्याने मिरवणूक जाईल असे जाहीर केले होते. लोकांनी घरे झाडली, दुरुस्त केली, रंगवली. २०१७ पासून इंदूरला स्वच्छतेचे इतके पहिले क्रमांक मिळाले, पण ही गोष्ट भाषणांत कोणी काढत नाही.

आता थोडा हिशेब. बँकेच्या नोकरीत ती सवयच लागते. माणूस पाच मिनिटांत साधारण चारशे मीटर चालतो. राऊच्या स्टेशनाभोवती तेवढे वर्तुळ काढले तर सुमारे पन्नास हेक्टर जमीन येते. हेक्टरी वीस बंगले धरले तर हजार घरे, आणि दुकानावर दोन-तीन मजले चढवून हेक्टरी साठ घरे धरली तर तीन हजार. किराणा, चक्की, दवाखाना, पोळी-भाजी केंद्र हे सगळे हजार घरांवर कसेबसे तग धरते. तीन हजारांवर चालते. गिऱ्हाईक पायी येणारे नसेल तर दुकान हमरस्त्यावर पळते, आणि आपण त्याच्यामागे गाडी घेऊन.

कॉलनीत दुकान निघाले की पहिली तक्रार आपल्यातलेच काही जण करतात. त्यांची भीती खोटी नाही. गोंगाट होतो, गाड्या दारात लागतात, नाल्या तुंबतात. खुद्द सराफ्यातही रात्रीच्या गर्दीवरून आणि गॅस सिलिंडरांवरून अलीकडे वाद झाले आहेत. पण त्याला उत्तर वेळेचे आणि धंद्याच्या प्रकाराचे बंधन हे आहे. सरसकट बंदी घातली तर दुकान चोरून निघते आणि नियम एकही पाळत नाही. छप्पन दुकानचे उदाहरण पाहा. २०२० साली तिथे वाहने बाहेर ठेवली आणि लोक निवांत फिरू लागले. मात्र तिथे पोहोचायला बहुतेकांना गाडीच लागते, म्हणून तो धडा अर्धाच. बीआरटीएसचे आम्ही बोलत नाही. २०१३ साली आला, २०२५ साली उच्च न्यायालयाने तो हटवायला मंजुरी दिली, खर्च आपल्या करातून.

तर मागायचे काय? स्टेशनाजवळच्या पट्ट्यात खाली गाळे, वर घरे, याला योजनेतच मान्यता. इमारतीचे तोंड रस्त्याकडे, मध्ये कंपाउंडची भिंत नको, पार्किंग मागच्या अंगाला. पादचारी पट्टी किमान १.८ मीटर मोकळी आणि उंचीला १५ सेंटिमीटरच्या वर नाही. ही मापे भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेतच आहेत. गुडघे धरून चढावी लागते ती पादचारी पट्टी कसली? भाजीच्या ठेल्यांना ठरलेली जागा हवी. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तो त्यांचा हक्कच आहे. आणि चौकात पारासकट एक झाड. हे शेवटचे फुकटात होते, म्हणूनच राहून जाते.

२००८ साली लागू झालेल्या विकास योजनेची मुदत २०२१ ला संपली. १९७३ च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमाप्रमाणे योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की लेखी हरकती-सूचनांना तीस दिवस मिळतात. बिल्डर मंडळी त्या तीस दिवसांत वकील घेऊन जातात. आपण योजना कायम झाल्यावर वर्तमानपत्रात पत्र लिहितो. एका मंडळाचे एक निवेदन गेले तर तो एक कागद. तीनशे घरांच्या तीनशे सह्यांचे वेगवेगळे अर्ज गेले तर सुनावणीत त्यांची दखल घ्यावी लागते. अर्जाचा नमुना आम्ही हिंदीत तयार केला आहे, कारण कचेरी हिंदीत चालते. सभेनंतर दाराशी मिळेल. आपल्या घरापासून औषधाचे दुकान किती पावलांवर आहे, तेवढी रकाम्यात मोजून भरा.