उंबऱ्यावरचा सोबती

श्रोतेहो, आमच्या घरी मोती नावाचा कुत्रा आहे. घरी म्हणजे उंबऱ्याबाहेर. नमाजाच्या जागेत कुत्रं फिरू नये, ही अम्मीची शिस्त. पण रात्री पहिली भाकरी तीच त्याला घालायची. अम्मी गेली आणि मोती माझ्या पायांशी आला. तेव्हापासून त्याला मागं ठेवून कुठं जाणं जिवावर येतं.

गेल्या हिवाळ्यात नातवाला चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान दाखवायला निघालो, तर मोतीही जीपमध्ये चढला. वारणावतीच्या पुढं वनखात्याच्या नाक्यावर रखवालदारानं हात जोडले. "चाचा, कुत्रं आत नेता येणार नाही."

मला राग आला. म्हटलं, "आत बिबटे, गवे. आमचा म्हाताराच तेवढा जड झाला?"

तो शांतपणे म्हणाला, "बिबट्या त्याला उचलेल, ही भीती आहेच. पण त्याच्यापासून जंगलालाही भीती आहे. आत कोळसून आहेत, रानकुत्रे. गावातल्या कुत्र्याचा रोग त्यांना लागला, तर कळपच्या कळप बसतो."

"टोचलंय की त्याला!"

"रेबीजचं टोचलं असेल. डिस्टेंपरचं?"

मी गप्प झालो. घरी येऊन वाचलं. १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत डिस्टेंपरच्या साथीत सुमारे एक तृतीयांश सिंह दगावले. २०१८ साली गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह गेले. त्यांतल्या काहींमध्ये हाच विषाणू सापडला. आणि हा रोग पसरायला चावा लागत नाही. आजारी जनावराची शिंक, लाळ, उष्टं पाणीही पुरतं.

मोतीला नाक्याजवळच्या चहावाल्याकडं बांधलं. आत दाट झाडी होती, गव्यांचे खूर उमटले होते, नातू हरखला होता. माझं अर्धं मन मात्र नाक्यावर.

दुपारी परतलो. पुढ्यातली भाकरी तशीच. पुढचे पाय पसरून, रस्त्याकडं डोळे लावून मोती बसलेला. मला अम्मी सांगायची ती अस्हाबे कहफची गोष्ट आठवली. डोंगरातल्या गुहेत वर्षानुवर्षं झोपलेले तरुण आणि उंबऱ्यावर असेच पाय पसरून बसलेला त्यांचा कुत्रा. तो दाराशीच राहिला; पण त्याच्यावाचून ती गोष्ट कुणी सांगत नाही.

दुसऱ्याच आठवड्यात मोतीला डिस्टेंपरची लस टोचून आणली. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या श्रोत्यांनो, तुमच्याही दाराशी कुणी मोती असेल. त्याला एवढं टोचून आणा. आणि डोंगरात जाल, तेव्हा त्याला घरच्या उंबऱ्यावरच राहू द्या. तो वाट पाहील.