कंबरदुखी आणि मनाची समजूत



ज्या घरात कोणाचीच कंबर कधी धरली नाही, असे घर आपल्या ज्ञातीत सापडणे कठीण. कंबर धरली की डॉक्टरांच्या आधी आपण वडीलधारी माणसेच बोलू लागतो, "वाकू नकोस, उचलू नकोस, पडून राहा." या मायेच्या बोलांविषयीच मला दोन शब्द सांगावयाचे आहेत.

१९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कंबरदुखीने नुकत्याच पीडलेल्या १८६ नगरपालिका-सेवकांपैकी काहींना दोन दिवस अंथरुणात विश्रांती, काहींना व्यायाम, तर काहींना झेपतील तेवढे नित्याचे व्यवहार सांगितले. नित्याचे व्यवहार चालू ठेवणारे अधिक चांगले सुधारले. निजून राहिलेले सर्वांत मागे पडले.

दुखणे रेंगाळले म्हणजे पुढे फिजिओथेरपीचे व्यायाम सांगितले जातात. पण 'माझी पाठ मोडेल' हे भय मनात असले, की रोगी व्यायाम अर्धामुर्धा करतो, जराशी कळ येताच थांबतो. स्नायू दुर्बळ होतात, थोडी हालचालही दुखते आणि भय खरेच होते असे वाटू लागते. उलट, शेक व यंत्र यांनीच सारे बरे व्हावे अशी अपेक्षा धरणाराही व्यायाम सोडतो.

'गादी झिजली' हे शब्द तर छातीत धडकी भरवतात. परंतु २०१५ सालच्या एका समालोचनात, पाठीची काहीही तक्रार नसलेल्या विशीतील सुमारे ३७ टक्के व ऐंशीतील ९६ टक्के लोकांच्या तपासणीचित्रांतही ही झीज आढळली. केस पिकावेत, तसेच हे बहुधा असते.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९९७ पासून दूरचित्रवाणीवरून 'पडून राहू नका, हिंडतेफिरते राहा' असा प्रचार केला. लोकांच्या व डॉक्टरांच्याही समजुती पालटल्या आणि कंबरदुखीच्या नुकसानभरपाईचे दावे घटले.

याचा अर्थ वेदना काल्पनिक असते असा मुळीच नव्हे. वेदना खरीच असते. समजूत तिला वाढविते वा निवविते. पायातील शक्ती जाणे, मलमूत्रावरील ताबा सुटणे, ताप येणे, पडून मार लागणे, अशा प्रसंगी मात्र विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

एरव्ही आपण वडीलधाऱ्यांनी "वाकू नकोस" म्हणण्याऐवजी "चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ" असे म्हणावे आणि सोबत चालू लागावे. रोग्याला धीर देणारा तो पहिला उपचार आपल्याच हाती आहे.