उलट्या म्हणजे पित्तच, असे समजू नका



मी डॉक्टर नाही, बँकेतला कारकून आहे. पण मधुमेह आपल्या घराघरांत शिरला आहे, म्हणून आज ‘डायबेटिक कीटोॲसिडोसिस’ हा विषय घेतला.

खात्यात रक्कम असली तरी सहीशिवाय ती निघत नाही. इन्शुलिन ही ती सही. ती नसली की रक्तातली साखर पेशींना मिळत नाही. मग शरीर मुदत ठेव मोडते, म्हणजे चरबी जाळते. त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्तातले आम्ल वाढते.

खूप तहान, वारंवार लघवी, उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, श्वासाला पिकल्या फळासारखा वास आणि गुंगी ही लक्षणे. आपण पित्त समजून सोडा पाजत बसतो आणि मोलाचे तास जातात. मूल वाळत चालले, एकसारखे पाणी मागू लागले, तर त्याच दिवशी साखर तपासा.

‘काही खाल्ले नाही, मग इन्शुलिन कशाला?’ हा विचार सर्वांत घातक. आजारपणात इन्शुलिनची गरज बहुधा वाढते. मात्रा डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने बंद करू नका. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या घेणाऱ्यांना साखर २०० च्या आत असूनही हा विकार होऊ शकतो. त्यांनी उपासापूर्वी डॉक्टरांना जरूर विचारावे.

यावर घरगुती उपाय नाही. रुग्णालयात सलाइन, शिरेतून इन्शुलिन आणि पोटॅशियमवर सतत लक्ष, असे उपचार होतात. साखर २५० च्या खाली आली की ग्लुकोजही लावतात. ‘मधुमेह्याला साखर कशी देता?’ म्हणून तिथे भांडू नका. कीटोन जाईपर्यंत इन्शुलिन चालू ठेवावे लागते, त्यासाठीच ते असते.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्शुलिन टोचले गेले. त्याआधी या अवस्थेतून रुग्ण क्वचितच वाचे. आज वेळेवर पोचलेले बहुतेक वाचतात.

इन्शुलिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तेव्हा मते मागायला दारी येतील त्या प्रत्येकाला विचारा : आपल्या सरकारी दवाखान्यात रात्री दोन वाजता इन्शुलिन आणि कीटोनची तपासणी मिळते का? उत्तर लिहून घ्या आणि पुढच्या सभेत आणा.