इंग्रजी विभागाला आमचा सवाल
(सीबीडी बेलापूर इथे तरुण मुलामुलींपुढे केलेलं भाषण)



ह्या जागेचं नावच बघा. बेलापूर हे गावाचं नाव. 1970 ला सिडको आली, आगरी-कोळ्यांच्या जमिनी गेल्या आणि गावाच्या डोक्यावर तीन अक्षरं बसली, सीबीडी. ज्यांची जमीन गेली त्यांना त्या अक्षरांचा अर्थ कुणी सांगितला? इंग्रजी आपल्याकडं अशीच येते. आधी पाटीवर, मग कधीतरी वहीत.

पण मी इंग्रजीला शिव्या द्यायला उभा नाही. इंग्रजी नको म्हणणारे स्वतःची पोरं कुठल्या शाळेत घालतात ते आपल्याला ठाऊक आहे. जोतीरावांनी 1882 साली हंटर कमिशनला निवेदन दिलं ते इंग्रजीत. पैसा वरच्यांच्या शिक्षणावर आणि बहुजनांच्या पोरांना धड शाळा नाही, हे साहेबाला साहेबाच्या भाषेत सुनावलं. बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनाचं भाषण 1936 ला इंग्रजीत लिहिलं. लाहोरच्या मंडळानं अधिवेशन रद्द केलं, तर स्वतः छापून काढलं. म. ना. वानखेडे अमेरिकेत इंग्रजी साहित्य शिकले, काळ्या लेखकांचा विद्रोह वाचला आणि औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयात येऊन आपल्या पोरांना लिहितं केलं. दलित साहित्याच्या पायात एक इंग्रजीचा प्राध्यापक आहे, हे विसरू नका.

आता आजचं बोलू. आज इंग्रजी विभागांतून दलित साहित्य शिकवतात, पीएचड्या होतात. चांगलंच आहे. पण कित्येक प्रबंध निव्वळ भाषांतरावर उभे. मूळ मराठी पुस्तक उघडलेलंच नाही!

बेबीताई कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’ 1986 चं. माया पंडितांनी ते 2008 ला इंग्रजीत नेलं. नाव झालं ‘द प्रिझन्स वुई ब्रोक’, म्हणजे आम्ही फोडलेले तुरुंग. बेबीताईंच्या नावात तुरुंग नाही, फोडणं नाही. नुसतं जिणं आहे, अजून चालू असलेलं. इंग्रजी नावात लढाई जिंकून झाली. ऊर्मिला पवारांची आई बांबूची आयदानं विणायची, म्हणून पुस्तक ‘आयदान’. इंग्रजीत ‘द वीव्ह ऑफ माय लाइफ’. वीण राहिली, आयदान गेलं. दया पवारांचं ‘बलुतं’ 1978 चं. जेरी पिंटोंनी 2015 ला भाषांतर केलं, पण नाव ‘बलुतं’च ठेवलं. तिथं इंग्रजीला सरकून जागा द्यावी लागली.

भाषांतरकारांवर माझा राग नाही. त्यांनी घाम गाळला म्हणून जग आपल्याला वाचतं. सवाल एवढाच, की ह्या तीन नावांत काय गेलं, काय आलं, हे तपासणार कोण? ज्यानं आजीच्या तोंडून ‘जिणं’ ऐकलंय तोच. आणि नेमका तोच पोरगा एफवायला इंग्रजीत गचकतो आणि नाव काढून घेतो.

माझ्या ओळखीची एक पोरगी एमएच्या सेमिनारमध्ये म्हणाली, सर, मराठीत हा शब्द वेगळा आहे. सर म्हणाले, टेक्स्टमध्ये आहे तेवढंच बोला. पोरगी गपकन खाली बसली. अरे, ती खाली बसली म्हणजे बेबीताई खाली बसल्या!

म्हणून आपली मागणी साधी आहे. मराठी पुस्तकावर इंग्रजीत प्रबंध लिहायचा तर मूळ पुस्तक वाचलंच पाहिजे. पहिल्या वर्षाच्या पोरांना इंग्रजीचे जादा तास, फुकट. आणि सेमिनारमध्ये मराठी शब्द उच्चारला म्हणून कुणाला खाली बसवायचं नाही.

विभाग ऐकेल तेव्हा ऐकेल. तुम्ही आजपासून सुरू करा. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा, हातात पेन्सिल घ्या. जिथं इंग्रजी शब्द खटकेल तिथं खूण करा. तुमचं संशोधन तिथून सुरू होतं. आणि सेमिनारला त्या खुणेसकट उभे राहा. खाली बसू नका.